ऑर्नोलाकची गियमेत आणि आत्म्याचा प्रश्न

युरोपच्या मध्ययुगाचा अभ्यास करू लागणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात आरंभीच एक समजूत पक्की बसवली जाते. तो काळ श्रद्धेचा होता, राजापासून गुराख्यापर्यंत सर्वांच्या अंतःकरणात स्वर्ग, नरक, पाप, प्रायश्चित्त आणि अंतिम न्याय यांची एकच व्यवस्था निःशंकपणे नांदत होती, आणि शंका नावाची वस्तू त्या खंडात पुढे कधीतरी छापखान्याबरोबर, दुर्बिणीबरोबर आणि पंडितांच्या ग्रंथांबरोबर आली, अशी ती समजूत. गमावलेल्या श्रद्धेबद्दल हळहळणारे तिचा आधार घेतात आणि बुद्धीच्या विजयाचा अभिमान बाळगणारेही तिचाच आधार घेतात. दोघांच्या निष्कर्षांत आकाशपाताळाचे अंतर असले, तरी मध्ययुगीन शेतकऱ्याच्या डोक्यात प्रश्न उद्भवत नसे, याविषयी त्यांचे एकमत असते. ल्युसिअँ फेब्व्र या थोर फ्रेंच इतिहासकाराने 1942 साली राबले या लेखकावर ग्रंथ लिहिताना हाच विचार फार समर्थपणे मांडला होता. सोळाव्या शतकातील मनुष्याला खऱ्या अर्थाने नास्तिक होणे शक्यच नव्हते, कारण नास्तिक होण्यास लागणारी संकल्पनांची सामग्रीच त्या काळाच्या भाषेत आणि विद्येत उपलब्ध नव्हती, असे त्याचे प्रतिपादन होते. सोळाव्या शतकातील विद्वानाची ही अवस्था, तर चौदाव्या शतकातील निरक्षर गावकऱ्याविषयी बोलायलाच नको!

परंतु माणसाला शंका येण्यासाठी संकल्पनांची सामग्री खरोखरच आधी मिळवावी लागते काय? मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून त्याच्या मुखाकडे पाहत राहणे, एवढी सामग्री त्यासाठी पुरेशी होत नाही काय? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो केवळ इतिहासाचा आहे असे वाटत नाही. धर्मविचार हा काही थोड्या शिकलेल्या लोकांचा प्रांत आहे आणि बाकीच्यांच्या वाट्याला त्यांचा उच्छिष्ट विचार येतो, असे जर आपण मानले, तर जगातल्या बहुसंख्य माणसांच्या अंतर्जीवनाविषयी आपण न पाहताच निकाल दिल्यासारखे होते. या निकालाची फेरतपासणी करण्यास उपयोगी पडेल असे एक दप्तर सुदैवाने शिल्लक आहे. सुदैवाने हा शब्द मी संकोचाने वापरतो. त्याचे कारण पुढे येईल.

फ्रान्सच्या दक्षिणेस, पिरेनीज पर्वताच्या उतरणीवर फ्वा नावाची काउंटांची जहागीर होती. तेथील पामिए या धर्मपीठावर 1317 साली झाक फूर्निये नावाचा बिशप नेमला गेला. हा सामान्य कुळात जन्मलेला, सिस्टर्शियन पंथात वाढलेला, फाँफ्रुआद येथील मठाचा अधिपती झालेला आणि ईश्वरशास्त्रात निष्णात असा मनुष्य होता. कॅथार नावाचा जो द्वैतवादी पंथ त्या प्रदेशात एका शतकापूर्वी जोमात होता आणि तलवारीने व अग्नीने मोडून काढला गेला होता, त्याची मुळे डोंगरातल्या खेड्यांत अद्याप जिवंत होती. ती उपटून काढण्यासाठी फूर्नियेने आपल्या क्षेत्रात धर्मचौकशीचे न्यायासन उभारले. 1318 ते 1325 या अवधीत हे न्यायासन एकंदर 370 दिवस बसले, 98 प्रकरणे त्याच्यापुढे चालली आणि 578 जबान्या नोंदल्या गेल्या. आरोपी व साक्षीदार आपल्या ऑक्सितान बोलीत बोलत. लेखक प्रथम त्याची टिपणे घेई, मग लॅटिनमध्ये मसुदा तयार होई, तो पुन्हा बोलीभाषेत आरोपीला वाचून दाखवला जाई, दुरुस्त्या होत, आणि शेवटी चर्मपत्रावर त्याची शुद्ध प्रत उतरवली जाई. त्या प्रतींपैकी एक खंड आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. जाँ द्युव्हर्न्वा या अभ्यासकाने त्याची लॅटिन संहिता 1965 साली तीन भागांत प्रसिद्ध केली, आणि दहा वर्षांनी एमान्युएल ल रुआ लादुरी या इतिहासकाराने तीतून माँतायू या एकाच खेड्याचे चित्र काढून दाखवले, तेव्हा सुमारे तेराशे मीटर उंचीवर वसलेल्या, दोन-अडीचशे वस्तीच्या त्या गावाचे नाव जगभर झाले.

फूर्निये चिकाटीने प्रश्न विचारी. शारीरिक छळाचा अवलंब त्याने क्वचितच केला, त्याच्या हुकुमाने जाळले गेलेले लोक पाचच, असे त्याच्या बाजूने सांगितले जाते. पण तुरुंग, मिळकतीची जप्ती आणि अंगरख्यावर पिवळे क्रूस शिवून गावभर हिंडण्याची शिक्षा या गोष्टी माणसाला बोलते करण्यास पुरेशा होत्या. प्रश्न विचारताना तो तपशिलात शिरे. कोण कोठे बसले होते, चूल पेटलेली होती की नव्हती, त्या वेळी कोणते काम चालू होते, कोणी कोणाच्या डोक्यातील उवा काढीत होते, हे सारे तो विचारून घेई, आणि त्यामुळे पाखंडाची चौकशी करता करता त्याच्या लेखकांच्या हातून एका समाजाचे सबंध दैनंदिन जीवन उतरून निघाले. भर उन्हात दारासमोर बसून एकमेकींच्या केसांतून हात फिरवीत बायका ईश्वराच्या स्वरूपाविषयी बोलत, मेंढपाळ हिवाळ्यात कळप घेऊन कॅटलोनियाच्या कुरणांत उतरत आणि रात्री शेकोटीपाशी नियतीची चर्चा करत, आणि कोकरांवर बिशपाने लावलेल्या दशमांशाच्या वसुलीविरुद्धची कुरकुर सर्वांच्याच तोंडी असे. ही कुरकुर दप्तरात वारंवार येते, आणि ज्या लोकांचा धर्माधिकाऱ्याशी संबंध मुख्यतः कोकरे मोजून देण्यापुरता होता, त्यांना त्या अधिकाऱ्याच्या उपदेशाविषयीही प्रश्न पडावेत, हे साहजिकच आहे.

परंतु हे दप्तर वाचताना मनात अधिक खोल रुतते ती वस्तू निराळी आहे. या लोकांच्या धर्मविचारात देह सर्वत्र उपस्थित आहे. माँतायूतील क्लेर्ग या बलाढ्य घराण्याचा कर्ता पुरुष पाँ क्लेर्ग वारला, तेव्हा त्याच्या पत्नीने त्याच्या कपाळावरचे केस आणि हातापायांच्या नखांचे तुकडे काढून ठेवले, कारण घराचे भाग्य त्याच्या प्रेताबरोबर घराबाहेर जाऊ नये अशी तिची इच्छा होती. बेआत्रिस द प्लानिसोल ही त्या गावच्या गढीच्या अधिकाऱ्याची विधवा. 1320 साली ती पकडली गेली, तेव्हा तिच्या थैलीत नातवांच्या वाळलेल्या नाळा सापडल्या, आणि मुलीच्या पहिल्या ऋतुस्रावाने डागाळलेले कापड सापडले. पुरुष संतानाची नाळ जवळ बाळगणाऱ्याचा कज्जा कोर्टात कधी हरत नाही, असे एका बाटवलेल्या ज्यू स्त्रीने आपणास सांगितल्याचे तिने कबूल केले. आणि कापड अशासाठी की, ते पाण्यात भिजवून जावयाला पाजले असता त्याचे मन दुसऱ्या स्त्रीकडे वळू नये. आपल्याकडील अनेक सुशिक्षित वाचक याला भाबडी समजूत म्हणून बाजूला सारतील. मला तसे वाटत नाही. केस, नखे, नाळ आणि रक्त यांत माणसाचे काहीतरी राहते, देह संपला तरी ते संपत नाही, हा त्यामागचा विचार आहे, आणि आत्म्याविषयीचा प्रश्न याच मातीतून उगवतो.

ऑर्नोलाक या खेड्यातील गियमेत बने हिच्या प्रकरणात तो प्रश्न उघडपणे समोर येतो. आत्मा म्हणजे रक्तच, आणि देहाबरोबर तो मरतो, असे बोलल्याचा तिच्यावर आरोप होता. ही कल्पना कोणी शिकवली, असे फूर्नियेने विचारले. पाखंडी गुरूचे नाव मिळेल अशी त्याची अपेक्षा असणार. गियमेतने जे सांगितले त्यात गुरू नव्हताच. एकदा पडून तिच्या नाकातून रक्त वाहू लागले होते, तेव्हा जीव तो हाच असे तिच्या मनात आले. आणि दुसरा प्रसंग असा की, गावातल्या रेमों बने याचा मुलगा मरणाच्या दारी होता, त्याचा प्राण लवकर जात नव्हता. त्या वेळी गियमेत तेथे जवळ होती आणि तिने मुद्दाम लक्ष देऊन त्याच्या तोंडाकडे पाहिले. आत्मा बाहेर पडतो असे सर्व जण सांगतात, तर तो पडताना दिसावा. तिला श्वासाच्या वाऱ्याखेरीज काहीही बाहेर पडताना दिसले नाही.

या साक्षीचे मोल आपण नीट ओळखले पाहिजे. आपल्या दर्शनकारांनी ज्ञानाची साधने सांगताना प्रत्यक्षाला अग्रस्थान दिले. आणि प्रत्यक्षाहून अन्य प्रमाण न मानणारे चार्वाक देहाहून निराळा आत्मा नाही या निष्कर्षाला पोहोचले. गियमेतला प्रमाणविचाराची गंधवार्ता नव्हती, परंतु तिने केलेली कृती प्रमाणविचाराचीच होती. तिला एक विधान ऐकवले गेले होते, ते पडताळण्याची संधी तिच्यासमोर आली, आणि एका मुलाचा अंत होत असताना, मन व्याकुळ होण्याच्या त्या घटकेला, तिने डोळे मिटून घेतले नाहीत. तिचा निष्कर्ष बरोबर होता की चूक, याची चर्चा तत्त्वज्ञ करोत. अदृश्य वस्तू दिसली नाही म्हणून ती नाही, असे म्हणणे तर्काला धरून नाही, हे कोणीही सांगेल. पण पडताळण्याची ही वृत्ती तिने कोणत्याही ग्रंथातून घेतलेली नव्हती, आणि संकल्पनांच्या सामग्रीवाचून शंका संभवत नाही या सिद्धांताला तिचे हे एकच पाहणे बाध आणते.

तथापि शंका ही नेहमी प्रत्यक्षातूनच जन्मते, असा उलट निष्कर्ष काढण्याची घाई करता कामा नये. तिन्याकचा रेमों द लेर हा म्हातारा शेतकरी आपली हकीकत सांगताना जे बोलला, ते या दृष्टीने फार बोधप्रद आहे. तो आणि प्येर रोझी नावाचा त्याचा एक सोबती कुरणातले गवत कापावयास गेले होते. विळ्याला धार लावता लावता प्येरने त्याला विचारले की, देव आणि मरियामाता म्हणून खरोखर काही आहे असे तू मानतोस काय? रेमोंने अर्थातच होकार दिला. त्यावर प्येर म्हणाला की, देव आणि मरियामाता म्हणजे आपल्या भोवती दिसते आणि ऐकू येते ते हे जग, त्यापलीकडे काही नाही. प्येर वयाने वडील, म्हणून तो सांगतो ते खरेच असणार, असे रेमोंने धरले, आणि पुढे अनेक वर्षे तो याच मताचा राहिला! धर्मगुरूचे ऐकून देव मानणे आणि वडीलधाऱ्याचे ऐकून तो न मानणे, या दोहोंत प्रमाण एकच आहे, ते शब्दप्रमाण. श्रद्धा परंपरेने येते आणि अश्रद्धा स्वतःच्या बुद्धीने, अशी जी वाटणी आपण सोयीने करून ठेवली आहे, ती तिन्याकच्या कुरणातच मोडते. याच रेमोंने आपण दानधर्म करतो तो परलोकासाठी नव्हे, शेजाऱ्यांत आपणास चांगले म्हणावे म्हणून, अशीही कबुली दिली. न्यायासनासमोर उभा असलेला मनुष्य आपल्या पुण्यकर्माचा हेतू इतक्या उघडपणे सांगतो, तेव्हा त्याच्या सचोटीविषयी माझ्या मनात आदर उत्पन्न होतो.

जे शंका घेत नव्हते, त्यांचा विश्वास तरी चर्चने शिकवलेला होता काय? 1274 साली लिआँ येथील धर्मपरिषदेने मृत्यूनंतर पापक्षालनाच्या यातना भोगाव्या लागतात आणि जिवंतांच्या प्रार्थनांनी व मिस्सांनी त्या हलक्या होतात, हे तत्त्व अधिकृतपणे मान्य केले होते. पामिएमध्ये आर्नो जेलिस नावाचा एक मनुष्य होता, एका धर्माधिकाऱ्याच्या पदरी चाकरीस राहिलेला. त्याला मृत माणसे भेटत, आणि त्यांचे निरोप तो त्यांच्या नातलगांकडे पोहोचवीत असे. त्याने वर्णिलेल्या मृतांना स्थिर असे शुद्धिस्थान नव्हते. ते रात्री या देवळातून त्या देवळात हिंडत. त्यांना थंडी वाजे, म्हणून झाडूनलोटून स्वच्छ ठेवलेल्या घरांत शिरून ते ऊब घेत. पृथ्वीवर गाड्यांतून मिरवलेल्या श्रीमंत स्त्रियांच्या गाड्या आता सैतान डोंगरदऱ्यांतून ओढीत. जेलिसने लोकांना बजावले होते की, रस्त्याने चालताना हात हलवत चालू नये, कारण मृतांनी वाटा भरलेल्या असतात आणि हातांच्या धक्क्याने ते खाली पडतात. परिषदेचे तत्त्व आणि जेलिसचे हे जग यांत अंतर किती! आणि तरीही मृतांना मिस्सांची गरज आहे, या एका बाबतीत जेलिस आणि परिषद एकमताने बोलतात. लोकांनी चर्चचे शिकवणे टाकून दिले नाही. त्यात थंडी, ऊब, वाट आणि गर्दी भरून त्यांनी ते राहण्याजोगे केले.

कॅथार पंथाच्या श्रद्धाळूंचे उत्तर आणखी निराळे होते, आणि मराठी वाचकाला ते चटकन ओळखीचे वाटेल. दृश्य सृष्टी दुष्ट शक्तीने निर्माण केली, स्वर्गातून पडलेले आत्मे येथे देहांच्या कातडीत अडकले, आणि मरणसमयी पंथाच्या सत्पुरुषाकडून दीक्षा मिळेपर्यंत ते एका देहातून दुसऱ्या देहात धावत राहतात, असे ते मानीत. त्यांच्यात एक कथा प्रचलित होती. पूर्वजन्मी घोडा असलेला एक सत्पुरुष रात्रीच्या वाटेने चालला असता त्याला ती जागा आठवली, जेथे दोन दगडांच्या फटीत आपला नाल अडकून राहिला होता. शोध घेतला, आणि नाल तेथेच सापडला. दुसऱ्या एका कथेत झोपलेल्या माणसाच्या तोंडातून आत्मा पालीच्या रूपाने बाहेर पडतो, ओढ्यावरची काडी ओलांडून गाढवाच्या कवटीत शिरतो व बाहेर येतो. सोबती काडी काढून घेतो तेव्हा पलीकडे पाल परतण्याची वाट शोधत राहते आणि अलीकडे झोपलेला देह तळमळू लागतो. काडी परत ठेवल्यावर तो जागा होतो आणि आपण एका प्रासादात फिरून आल्याचे स्वप्न सांगतो. या साम्यावरून आपल्या पुनर्जन्मकल्पनेचा आणि त्यांचा ऐतिहासिक संबंध जोडण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा हे बरे. अभ्यासक त्या पंथाचे धागे बाल्कन प्रदेशातील बोगोमिल पंथापर्यंत नेतात, आणि पुनर्जन्माच्या मागे आपल्याकडे असलेली कर्माची हिशेबी व्यवस्था त्यांच्याकडे तशी आढळत नाही. मला येथे लक्षात घ्यावेसे वाटते ते एवढेच की, गियमेतने ज्या मुखाकडे टक लावून पाहिले आणि वारा पाहिला, त्याच मुखातून या कथेत आत्मा दिसण्याजोगा, रांगणारा, चार पायांचा होऊन बाहेर येतो. कथा सांगणाऱ्यांनाही आत्मा दिसायला हवाच होता.

आता त्या संकोचाविषयी, ज्याचा मी वर उल्लेख केला. या सर्व माणसांचे बोलणे आपल्यापर्यंत आले, ते त्यांनी बोलावे अशी सक्ती झाली म्हणून. जो कान त्यांचे इतके तपशीलवार ऐकून घेत होता, त्याच्याच हाती तुरुंगाची किल्ली होती. प्रश्न विचारणारा ईश्वरशास्त्री होता, म्हणून देहाबरोबर आत्मा मरतो असे तू मानतोस काय, अंतिम दिवशी देह पुन्हा उठतील हे तू मानत नाहीस काय, असे त्याचे प्रश्न येत, आणि कधीही या भाषेत विचार न केलेला मनुष्य त्या प्रश्नांच्या साच्यात आपले उत्तर ओतीत असे. तेव्हा दप्तरातील काही पाखंडे चौकशीनेच घडवली असण्याचा संभव इतिहासाच्या विद्यार्थ्याने कायम ध्यानात ठेवला पाहिजे. नाकातून वाहिलेले रक्त किंवा विळ्याची धार असे तपशील मात्र कोणा ईश्वरशास्त्र्याच्या प्रश्नावलीत नव्हते. ते बोलणाऱ्याचेच आहेत, आणि म्हणून ते विश्वसनीय.

गोव्याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. तेथे धर्मचौकशीचे न्यायासन 1560 साली स्थापन झाले, 1774 ते 1778 असा अल्पकाळ बंद राहून पुढे 1812 पर्यंत चालले. आणि ते रद्द झाल्यावर त्याच्या खटल्यांचे बहुतेक कागद नष्ट करण्यात आले. अनंत काकबा प्रियोळकरांनी 1961 साली त्या न्यायासनाचा इतिहास प्रसिद्ध केला, तो आज्ञापत्रे, प्रवासवर्णने आणि उरलेला पत्रव्यवहार यांच्या आधारे. बार्देशातल्या किंवा साष्टीतल्या एखाद्या बाईने दाराशी तुळस का ठेवली, बाप्तिस्म्याच्या वेळी तिच्या मनात काय होते, हे तिच्या तोंडून ऐकण्याची वाट त्या कागदांबरोबर बंद झाली. छळ दोन्हीकडे झाला. एकीकडे छळलेल्यांचे शब्द उरले आणि दुसरीकडे तेही उरले नाहीत. पामिएचे दप्तर वाचताना जो आनंद होतो त्यात म्हणूनच एक टोचणी असते, आणि ती असावी असे मला वाटते.

फूर्नियेची कथा पामिएमध्ये संपत नाही. तो 1327 साली कार्डिनल झाला आणि 1334 साली बारावा बेनेडिक्ट या नावाने पोपपदावर बसला. आव्हिन्याँच्या पोपमहालाचे बांधकाम त्याने सुरू केले. त्याच्या पूर्वीचा पोप बाविसावा जॉन याने 1331 च्या अखेरीस दिलेल्या प्रवचनांत असे मत मांडले होते की, पुण्यात्म्यांनाही ईश्वराचे साक्षात दर्शन अंतिम न्यायापूर्वी होत नाही; यावरून सबंध ख्रिस्ती जगतातील पंडितांत वादळ उठले, आणि जॉनने मृत्युशय्येवर ते मत मागे घेतले. या वादात फूर्नियेने स्वतः मोठा प्रबंध लिहिला, आणि पोप झाल्यावर 29 जानेवारी 1336 रोजी आज्ञापत्र काढून निर्णय दिला की, शुद्ध आत्म्यांना मृत्यूनंतर लगेच, देह पुन्हा उठण्याची वाट न पाहता, ईश्वरी तत्त्वाचे समोरासमोर दर्शन घडते. ज्या मनुष्याने पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गियमेतची जबानी घेतली होती, तोच आता आत्मा कोठे जातो आणि काय पाहतो हे सर्व ख्रिस्ती जगाला अधिकारवाणीने सांगत होता. पोप आणि कार्डिनल ज्या प्रश्नावर वर्षानुवर्षे भांडले, तो ऑर्नोलाकच्या एका बाईला पंडितांच्या आधी आणि पंडितांच्या मदतीवाचून पडला होता, ही गोष्ट मला धर्माच्या इतिहासातील एक महत्त्वाची नोंद वाटते.

परंतु या दप्तरातील अधिक गूढ प्रकरण गियमेतचे नाही. ते मेर्व्हिएलच्या ओद फोरे हिचे आहे. ही सतरा-अठरा वर्षांची असताना लग्न होऊन त्या गावी आली. देव सर्वशक्तिमान आहे यावर तिचा विश्वास होता. पण मिस्सात धर्मगुरू अभिमंत्रित भाकर उंच धरतो, तेव्हा ती ख्रिस्ताचे शरीर आहे यावर तिचा विश्वास बसेना. कारण विचारले असता तिने सांगितले की, गावात एक स्त्री रात्री घरी पोहोचण्यापूर्वी रस्त्यातच प्रसूत झाली होती; ती हकीकत ऐकल्यापासून बाळंतपणात स्त्रीच्या देहातून जे मलिन बाहेर पडते ते तिच्या मनातून जाईना, आणि भाकर वर उचललेली दिसली की, ख्रिस्ताचा देहही त्याच मलिनतेतून आला असणार हा विचार तिला घेरी. अवतार म्हणजे ईश्वराने खराखुरा मानवी देह धारण करणे, हे तत्त्व तिच्या परिसरातील अनेक श्रोत्यांनी कानाआड केले असेल. तिने ते अक्षरशः खरे मानले, इतके खरे की ते तिला सोसवेना. तिच्या शंकेच्या मुळाशी उपहास नव्हता, अज्ञानही नव्हते. जन्म घेणे म्हणजे काय हे माहीत असलेल्या स्त्रीने शिकवणीकडे गांभीर्याने पाहिल्याचा तो परिणाम होता.

तिने हे प्रथम नवऱ्याला सांगितले; तो संतापला. मग तिने आपल्या चुलतीजवळ मन मोकळे केले, तेव्हा चुलतीने तिला चर्चमध्ये शतकानुशतके सांगितली जाणारी एक गोष्ट सांगितली. एका बाईने आपण स्वतः भाजलेली भाकर अभिमंत्रित होताना पाहून अविश्वासाने हसू केले, धर्मगुरूने प्रार्थना केली, आणि त्या भाकरीचे बालकाच्या बोटात आणि द्राक्षरसाचे रक्तात रूपांतर झाले. अशा गोष्टीने भय निर्माण होते, विश्वास निर्माण होतोच असे नाही. ओदला पुन्हा देहाचेच, बोटाचे आणि रक्ताचे चित्र दाखवून धीर देण्याचा तो प्रयत्न होता, आणि तिची व्यथा तर देहाविषयीचीच होती. पुढे ती आजारी पडली, फार तळमळली, आणि घरातल्या दाईला तिने विनवले की, मला विश्वास ठेवता येईल असे देवाने माझ्या हृदयात घालावे, एवढी प्रार्थना तू माझ्यासाठी कर.

फूर्नियेने 1318 साली तिची चौकशी केली आणि तिला कैदेत न टाकता प्रायश्चित्ते दिली. ती शंका तिच्या मनात एखाद्या पाखंड्याने घातली नाही, हे त्याला पटले असावे. पाच वर्षांनी, 1323 साली, चर्चने थॉमस अक्वायनस याला संतपद दिले. श्रद्धा हे बुद्धीचे कर्म आहे, परंतु बुद्धीला ते इच्छेच्या आज्ञेने आणि इच्छेला ते ईश्वराच्या प्रसादाने करता येते, अशी त्याची मांडणी आहे. ओदची इच्छा विश्वास ठेवण्यास पूर्णपणे राजी होती, तरी तिची बुद्धी तिची आज्ञा मानीत नव्हती; आणि या दोहोंमध्ये अडलेली वाट स्वतःच्या बळाने उघडत नाही, ती देवाने उघडावी लागते, हे ओळखून तिने दाईला प्रार्थना करावयास सांगितले. थॉमसच्या ग्रंथाचे एक अक्षरही तिने वाचलेले नव्हते, आणि थॉमसने तिच्या आजारपणाचा एक दिवसही पाहिलेला नव्हता. तरी श्रद्धेच्या स्वरूपाविषयी त्याने जे सिद्धांत म्हणून लिहिले, त्याची प्रत्येक पायरी तिने अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतः अनुभवली होती.